आमदारांचं मत सभागृहाच्या नोंदीत हवं: आपल्या तालुक्याच्या प्रश्नासाठी नेमकं काय मागायचं?

गोदाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. विषय आमच्या तालुक्याचा असला तरी कमीअधिक फरकाने सगळीकडचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्याकडे ३० खाटांचं ग्रामीण रुग्णालय आहे. त्याचं श्रेणीवर्धन करून ५० खाटांचं उपजिल्हा रुग्णालय करायचं ठरलं. शासन निर्णय निघाला, पेढे वाटले गेले, दारावरचा फलक बदलला. आत मात्र सगळं पूर्वीसारखंच आहे. भूलतज्ज्ञाचं पद रिकामं, त्यामुळे शस्त्रक्रियागृह असून नसल्यासारखं. बाळंतपणात सिझेरियन लागेल असं वाटलं की १०८ बोलवायची आणि जिल्ह्याला रेफर करायचं. मागच्या पावसाळ्यात माझ्या चुलतभावाच्या बायकोला असंच रात्री पाठवलं. रस्ता उखडलेला, तिच्या कळा वाढत चाललेल्या आणि गाडीत सोबतीला आमची काकू. दोघी सुखरूप घरी आल्या. पण त्या रात्री काकूंनी विचारलेला प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही: "आपल्या आमदाराला हे ठाऊक आहे का?"

ठाऊक आहे. त्यांनी मंत्र्यांना दिलेल्या पत्राचा फोटो गावातल्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला. पत्रावर मंत्र्यांचा शेरा आहे, "तपासून कार्यवाही करावी". सत्कारात, सप्ताहात, लग्नाच्या मांडवात आमदार या विषयावर बोललेले आहेत. म्हणून मी विधिमंडळाच्या संकेतस्थळावर जाऊन प्रश्नोत्तरांच्या याद्या चाळल्या. या रुग्णालयावर त्यांच्या नावाचा एकही प्रश्न मला सापडला नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. मांडवातलं मत हवेत जातं. पत्राला उत्तर आलंच पाहिजे असं बंधन नाही. सभागृहात नियमाप्रमाणे मांडलेल्या मताला मात्र सरकारला तोंड द्यावं लागतं, आणि ते छापलं जातं. मग आपण मतदारांनी आमदारांकडे पत्र मागायचं सोडून प्रश्न का मागू नये? जाणकारांनी सांगावं, सभागृहात विषय मांडायचं कोणतं आयुध कशासाठी वापरतात आणि आपण नेमकं काय मागायचं.

शेवंती

अगदी मनातलं लिहिलंत, दादा. आमच्याकडे रस्त्याचं असंच आहे. आमदार निधीतून दहा फुटांचा तुकडा होतो आणि त्याचा फलक रस्त्यापेक्षा रुंद. पण मुळात तो रस्ता सार्वजनिक बांधकामचा की जिल्हा परिषदेचा, हे आजवर कुणी अधिकृतपणे सांगितलेलं नाही. सभागृहात विचारलं तर निदान तेवढं तरी लेखी मिळेल.

कक्षअधिकारी_निवृत्त

गोदाकाठ, मी मंत्रालयातल्या एका विभागात अनेक अधिवेशनं काढली आहेत, म्हणून आतली बाजू सांगतो.

तुम्ही याद्या पाहिल्या आहेत, तेव्हा प्रश्नाचा साचा तुम्हाला माहीत असेल. वर क्रमांक, सदस्याचं नाव, कंसात मतदारसंघ. मग "सन्माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय" आणि त्याखाली भाग. अमुक गोष्ट निदर्शनास आली, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय व त्यात काय आढळून आले? त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

बाहेरच्या माणसाला हे रुक्ष वाटतं, पण हा साचा फार जोरकस आहे. प्रश्न स्वीकृत झाला की तो आमच्या विभागात एलएक्यू (विधानसभा प्रश्न) म्हणून येतो. आम्ही तो आरोग्य सेवेच्या वरिष्ठ कार्यालयाकडे पाठवतो, तिथून उपसंचालक, मग जिल्हा शल्यचिकित्सक आणि शेवटी तुमच्या रुग्णालयाचे वैद्यकीय अधीक्षक. किती पदं मंजूर, किती भरलेली, किती रिक्त, कधीपासून, हे त्या अधीक्षकांना सहीनिशी कळवावं लागतं. ती माहिती उलट्या क्रमाने वर चढते, सचिव बघतात, मंत्री सही करतात. अधिवेशनाच्या दिवसांत आम्ही दिवे मालवून घरी कधी गेलो, हे घरच्यांना विचारा. पत्रावरचा शेरा कपाटात महिनोन्महिने पडून राहू शकतो, एलएक्यू पडून राहत नाही. प्रश्न सभागृहात पुकारला जावो न जावो, धारिका, म्हणजे फाइल, त्याआधीच हललेली असते.

दुसरं, उत्तर खोटं निघालं तर हक्कभंगाचा, म्हणजे सभागृहाच्या अवमानाचा, विषय होऊ शकतो. म्हणून "हे खरे नाही" असं लिहिताना अधिकाऱ्याचा हात थांबतो आणि "अंशतः खरे आहे" लिहिलं जातं. ते उत्तर आलं की समजावं, तुमच्या म्हणण्यातला महत्त्वाचा भाग सरकारने मान्य केला आहे. पुढचं भांडण उरलेल्या भागावर करायचं.

आता आयुधांबद्दल. तारांकित प्रश्नाला मंत्री प्रश्नोत्तराच्या तासात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात. अतारांकितला फक्त लेखी उत्तर मिळतं. उत्तर समाधानकारक नसेल तर अर्धा तास चर्चा मागता येते. तातडीचा विषय असेल तर विधानसभेत नियम १०५ खालची लक्षवेधी सूचना. मोठ्या विषयावर सविस्तर चर्चा हवी असेल तर विधानसभेत नियम २९३ आणि परिषदेत नियम २६० खालचा प्रस्ताव. अर्थसंकल्पी अधिवेशनात कपात सूचना देता येते. विभागाच्या खर्चाच्या मागणीतून नावापुरती रक्कम कमी करा असं म्हणायचं आणि त्या निमित्ताने आपल्या तालुक्याचं गाऱ्हाणं मांडायचं. याशिवाय औचित्याचा मुद्दा आहेच, पण त्यात आमदाराचं म्हणणं नोंदलं जातं, मंत्री त्याच वेळी उत्तर देतील असं नाही.

तुमच्या रुग्णालयासाठी मी आधी तारांकितच मागेन.

माणदेशी

कक्षअधिकारी काकांचा प्रतिसाद जपून ठेवावा असा आहे.

आमच्या माणदेशात सभागृहात बोलणं म्हणजे काय हे सांगायला गणपतराव देशमुखांचं नाव घ्यावंच लागतं. १९६२ साली पहिल्यांदा निवडून आले आणि सांगोल्यातून एकूण ११ वेळा आमदार झाले, तेही बहुतेक काळ विरोधी बाकावरून. शेतकरी कामगार पक्ष एकदाही सोडला नाही. गणपतआबांचा विषय वर्षानुवर्षं एकच, पाणी. टेंभू, म्हैसाळ या उपसा सिंचन योजना. कृष्णेचं पाणी उचलून दुष्काळी तालुक्यांना द्या, हे ते पुन्हा पुन्हा सभागृहात मांडत राहिले. सोबतीला आटपाडीची पाणी परिषद होती. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडींसोबत १९९३ पासून ती चालवली. गावात परिषद घ्यायची, ठराव करायचे आणि त्याच ठरावांतले मुद्दे मुंबई-नागपुरात मांडायचे.

माझ्या वडिलांच्या पिढीने पाण्याच्या टँकरमागे धावण्यात उमेद घालवली. आज आमच्या शिवारात डाळिंबाच्या बागा आहेत. त्यात अनेकांचा वाटा आहे हे मान्य. पण एक माणूस तोच प्रश्न तीस-चाळीस वर्षं नोंदीत ठेवत राहिला, म्हणून कुठल्याही सरकारला "हा विषय आमच्यासमोर कधी आलाच नव्हता" असं म्हणता आलं नाही. एकदा प्रश्न विचारून भागत नाही, गोदाकाठ. दर अधिवेशनात तोच प्रश्न, मागच्या उत्तराचा हवाला देऊन, पुन्हा टाकायला लावा.

पेणकर

सगळं पटतंय, तरी माझा एक ठाम आक्षेप आहे.

आमदाराचं मत म्हणजे लोकांचं मत, हे आपण न तपासता धरून चालतो. आमच्या पेण तालुक्यात महामुंबई सेझच्या (विशेष आर्थिक क्षेत्राच्या) वेळी काय झालं ते आठवा. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी शेतकऱ्यांचं मत थेट मतदानाने घेतलं गेलं, तेही जिल्हा प्रशासनाने. जमीन द्यायची की नाही, हे ज्याची जमीन त्यालाच विचारलं. रांगा लावून म्हातारी माणसं मत द्यायला आली होती. तोवर कोण नेता कुठे काय बोलला याला शेतकऱ्याच्या लेखी काही किंमत नव्हती. शेवटी सेझ झाला नाही.

म्हणून माझं म्हणणं, प्रकल्पाचा विषय असेल तर आमदाराने सभागृहात मत मांडण्याआधी ग्रामसभेचा ठराव हातात घ्यावा आणि भाषणात त्याचा तारखेनिशी उल्लेख करावा. ग्रामसभा विरोधात आणि आमदार बाजूने, असं असेल तर तेही त्याने सभागृहात उघडपणे सांगावं. मत बदललं असेल तर का बदललं तेही. कोकणात रिफायनरीवरून ज्या गावांनी ठराव केले, त्यांची तक्रार हीच होती की आमचा ठराव पंचायतीच्या कपाटात आणि आमच्या नावाने बोलणारे भलतेच.

आणि दि. बा. पाटील साहेबांना विसरू नका. विधानसभेत पनवेलचा आवाज तेच होते. पण नवी मुंबईसाठी झालेल्या सिडकोच्या भूसंपादनात नुसत्या भाषणांनी भागलं नाही. जानेवारी १९८४ मध्ये जासईत आणि दास्तान फाट्यावर गोळीबार झाला, ५ शेतकरी हुतात्मा झाले, तेव्हा कुठे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला परत देण्याचं तत्त्व पुढे आलं. सभागृह हवंच, पण मागे रस्त्यावर माणसं उभी नसतील तर उत्तर "अंशतः खरे आहे" एवढ्यावरच थांबतं.

कक्षअधिकारी_निवृत्त

पेणकर, तुमचा आक्षेप योग्य आहे. आत बसलेल्या माणसाच्या अनुभवावरून एवढंच जोडतो: ज्या प्रश्नामागे ग्रामसभेचा ठराव किंवा मोर्चाचं निवेदन असतं, त्याचं उत्तर तयार करताना विभागही जास्त गंभीर असतो. कारण पुरवणी प्रश्नात ते कागद बाहेर येणार हे ठाऊक असतं.

स्थानिक विषय राज्याचा कायदा कसा होतो, त्याचंही एक उदाहरण देतो. वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते, १९६० ते १९७८. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात, विसापूर भागात, हाताला काम देण्याची कल्पना त्यांनी आधी छोट्या प्रमाणावर करून पाहिली. त्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७७ मध्ये दोन्ही सभागृहांनी कायदा केला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला, आणि २००५ साली देशाने तेच तत्त्व स्वीकारलं. तालुक्यातल्या अनुभवावर ठाम मत असलेला माणूस सभागृहात असला की केवढी मजल मारता येते, ते यातून दिसतं.

पर्वरीकर

गोंयच्यान नमस्कार!

आमची विधानसभा ४० जणांची. एकेका मतदारसंघात मतदार सरासरी तीस हजारांच्या आतबाहेर. तुमच्याकडे २८८ आमदार असूनही एकेकाच्या वाट्याला तीन लाखांहून जास्त मतदार येतात. त्यामुळे आमच्याकडे आमदाराला बाजारात मासळी घेताना गाठून "शून्य तासाला हा विषय काढ" असं सांगणं जमतं. शुक्रवारी खासगी ठराव असतात, लोक त्या दिवशी यूट्यूबवर कामकाज लावून बसतात. कोण उभा राहिला, कोण गप्प बसला, संध्याकाळपर्यंत गावभर होतं.

म्हादई नदीचं सांगतो. २०१८ साली लवादाने पाण्याचं वाटप केलं: गोव्याला २४ टीएमसी (अब्ज घनफूट), कर्नाटकाला १३.४२, महाराष्ट्राला १.३३. मग २०२२ च्या अखेरीस म्हादईचं पाणी वळवणाऱ्या कर्नाटकाच्या कळसा-भांडुरा प्रकल्पाच्या सविस्तर अहवालाला केंद्रीय जल आयोगाची मंजुरी आली. जानेवारी २०२३ च्या अधिवेशनात आमच्या विधानसभेने एकमताने त्याविरुद्ध भूमिका घेतली. सत्ताधारी, विरोधक सगळे एकत्र. सत्तरीतल्या माझ्या आजोळी त्या दिवशी लोकांना खरंच आधार वाटला.

पण ठराव म्हणजे शेवट नव्हे. तो केंद्रावर बंधनकारक नाही. ठरावानंतर या विषयावरच्या आमदारांच्या सभागृह समितीच्या बैठका किती झाल्या, कागदपत्रं न्यायालयात वेळेवर गेली का, हे विचारत राहणं जास्त अवघड आणि जास्त गरजेचं आहे. आमच्याकडे लोक तिथे थोडे कमी पडतात असं मला वाटतं.

सीमाभाग

मी बेळगावहून लिहितेय. तुमच्या चर्चेत आमची बाजू यायला हवी, कारण ठराव या गोष्टीशी आमचं अख्खं आयुष्य बांधलेलं आहे.

डिसेंबर २०२२ मध्ये आधी कर्नाटक विधिमंडळाने ठराव केला की एक इंचही जमीन देणार नाही. पाच दिवसांनी, २७ डिसेंबरला, नागपूरच्या अधिवेशनात महाराष्ट्राने एकमताने ठराव केला: बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकी या शहरांसह ८६५ गावांतली इंच न् इंच जागा महाराष्ट्रात आणण्यासाठी पाठपुरावा करू. आमच्या घरी तो ठराव टीव्हीवर पाहताना आई रडली. तिने १९५६ पासूनची सगळी आंदोलनं ऐकलीत किंवा पाहिलीत.

प्रत्यक्षात हा वाद २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि विधानसभेच्या ठरावाने तिथली तारीख पुढे सरकत नाही. पण त्याने काहीच होत नाही असंही नाही. पुढच्या वर्षी महात्मा फुले जनआरोग्य योजना या ८६५ गावांना लागू करायचा निर्णय महाराष्ट्राने घेतला. ठरावात नाव असणं आणि योजनेच्या यादीत नाव येणं, यांचा संबंध असतो.

आणि अधिकृत मत मांडण्याची किंमत काय असते तेही आम्ही पाहिलंय. २००५ साली बेळगाव महापालिकेने महाराष्ट्रात सामील होण्याचा ठराव केला. त्यानंतर कर्नाटक सरकारने महापालिकाच बरखास्त केली. निवडून आलेल्या माणसांनी आपल्या गावाबद्दलचं मत सभागृहात नोंदवलं, म्हणून सभागृहच काढून घेतलं. ज्यांच्या आमदाराला बोलायला कसलीच आडकाठी नाही, त्यांनी त्याला गप्प बसू देऊ नये, एवढंच मला कळकळीने सांगायचंय.

शेवंती

ताई, तुमचा प्रतिसाद वाचून गलबलून आलं.

अनघा_व

चांगली चर्चा. माझ्या दोन शंका आहेत. एक, आमचे आमदार सत्ताधारी पक्षाचे आहेत. स्वतःच्याच सरकारला प्रश्न कसा विचारतील? कार्यकर्ते म्हणतात पक्षशिस्त आडवी येते. दोन, शेजारच्या मतदारसंघाचे आमदार तर मंत्रीच आहेत. तिथल्या लोकांनी कुणाकडे जायचं?

कक्षअधिकारी_निवृत्त

अनघाताई, पहिल्याचं उत्तर सोपं आहे. पक्षादेश (व्हिप) मतदानाला लागतो. राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीत, म्हणजे पक्षांतरबंदीच्या तरतुदीत, अपात्रता येते ती पक्ष सोडला किंवा पक्षादेशाविरुद्ध मत दिलं अथवा मतदानाला गैरहजर राहिलं म्हणून. प्रश्न किंवा लक्षवेधी म्हणजे मतदान नव्हे. सत्ताधारी सदस्य प्रत्येक अधिवेशनात ढिगाने प्रश्न देतात, याद्या उघडून पाहा. शिवाय सभागृहात जे बोललं त्याबद्दल न्यायालयात खेचता येत नाही, हे संरक्षण राज्यघटनेच्या अनुच्छेद १९४ ने दिलेलं आहे. तेव्हा "पक्षामुळे विचारता येत नाही" हे कारण मान्य करू नका.

दुसरी शंका खरी अडचणीची आहे. मंत्री सरकारचाच भाग असतो, तो स्वतः प्रश्न विचारत नाही. अशा वेळी विधान परिषद उपयोगी पडते. ७८ पैकी ७ सदस्य पदवीधरांचे, ७ शिक्षकांचे, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांचे. तुमच्या विभागाचा पदवीधर आमदार आणि जिल्ह्याचा स्थानिक संस्थांचा आमदार, दोघांनाही तुमचा प्रश्न मांडता येतो. तुम्ही पदवीधर मतदार म्हणून नोंदणी केली असेल तर अधिकारवाणीने सांगा.

गोदाकाठ (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. सीमाभाग ताई, तुमचं लिहिणं मी काकूंना वाचून दाखवलं.

तालुक्यातल्या आम्ही काही जणांनी बसून मसुदा केलाय. चुका सांगा.

"(१) (तालुक्याचं नाव) येथील ग्रामीण रुग्णालयाचे ५० खाटांच्या उपजिल्हा रुग्णालयात श्रेणीवर्धन करण्यास शासन निर्णय दिनांक अमुक अन्वये मान्यता देऊनही वाढीव पदे भरण्यात आली नाहीत व भूलतज्ज्ञाचे पद रिक्त असल्याने प्रसूतीसाठी आलेल्या महिलांना जिल्हा रुग्णालयात पाठविण्यात येते, हे खरे आहे काय, (२) असल्यास, मागील दोन वर्षांत अशा प्रकारे किती महिलांना पाठविण्यात आले, (३) इमारतीचे काम किती टक्के पूर्ण झाले असून त्यावर किती खर्च झाला, (४) सदर पदे भरण्याबाबत व काम पूर्ण करण्याबाबत कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (५) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?"

सोबत ग्रामसभांचे ठराव जोडतोय, पेणकरांनी सांगितल्याप्रमाणे.

कक्षअधिकारी_निवृत्त

मसुदा उत्तम. दोन दुरुस्त्या. पहिल्या भागात पदाचं नाव आणि मंजूर पदांची संख्या घाला, म्हणजे "पदे भरण्याची कार्यवाही सुरू आहे" असं मोघम उत्तर देता येणार नाही. आणि इमारतीचा भाग वेगळ्या प्रश्नात काढा. काम सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असेल तर आरोग्य विभाग "ही बाब त्या विभागाशी संबंधित" असं लिहून मोकळा होतो. दोन मंत्र्यांना दोन प्रश्न द्या.

आणि ही कागदपत्रं अधिवेशन जाहीर झाल्यावर देऊ नका. प्रश्नांच्या सूचना आधीच स्वीकारतात, त्यानंतर बॅलट, म्हणजे सोडत, लागतं. आत्ताच नेऊन द्या आणि पोच घ्या.

माणदेशी

आमदारांनी एकट्याच्या नावाने न देता शेजारच्या दोन-तीन आमदारांनाही तोच प्रश्न द्यायला सांगा. याद्यांत एकाच प्रश्नाखाली अनेक नावं असतात. एकजण गैरहजर असला तर दुसरा पुरवणी विचारू शकतो.

गोदाकाठ (धागाकर्ता)

दोन्ही सूचना घेतल्या. इमारतीचा प्रश्न वेगळा केला, मंजूर पदांचा आकडा माहितीच्या अधिकारात मागवला आहे. सोमवारी आमदारांच्या कार्यालयात जातोय. पदवीधर आमदारांसाठी वेगळी प्रत अनघाताईंच्या ओळखीने जाईल. पोच मिळाली की इथे लिहितो, आणि प्रश्न स्वीकृत झाला तर क्रमांक टाकतो, म्हणजे सगळ्यांना उत्तर शोधता येईल.